जोडीनं बाहेर

आमच्या गावात शाळेचा खर्च मार्चच्या पहिल्या मंगळवारी, सगळ्यांनी सभागृहात बसून, हात वर करून ठरतो. पद्धत उत्तम आहे. फक्त अमेरिकेतल्या आमच्या व्हरमाँटमध्ये मेपलच्या झाडांतून पाकासाठीचा गोड रस पाझरायलाही त्याच सुमारास सुरुवात होते, हे तारीख ठरवणाऱ्याच्या ध्यानात आलं नसावं.

यंदा एल्डन टटलनं अंदाजपत्रकाला दुरुस्ती मांडली: संगीताच्या बाईंची जागा रद्द करा, अडतीस हजार डॉलर वाचवा.

"गाणं काय, मुलं घरीच शिकतील," तो म्हणाला. "आमच्या घरी नाही शिकलो?"

"तुमच्या घरी गाय तेवढी सुरात आहे, एल्डन," मागून कोणीतरी म्हणालं.

संगीताच्या बाई, सोलांज, पहिल्याच रांगेत होत्या. बावीस वर्षांची नोकरी पणाला लागलेली. चेहरा शांत होता, पण हातातल्या पेन्सिलीचे दोन तुकडे झाले होते.

"एक लक्षात ठेवा," अध्यक्ष हेस्टरबाई म्हणाल्या, "आपण नीट ठरवलं नाही, तर राजधानीतले लोक आपल्यासाठी ठरवायला टपलेलेच आहेत."

"आमची शाळा आम्हीच बघू!" सगळे एका सुरात ओरडले. दिवसभरातलं हे एवढंच एकमत.

अकराच्या सुमारास छपरावरचं बर्फ वितळू लागलं. टप. टप. अख्खं सभागृह खिडकीकडे वळलं. प्रत्येकाच्या झाडाला रसाची बादली लटकत होती आणि ती आता भरत होती.

अशा वेळेसाठी आमच्याकडे एक जुनी रीत आहे. एक बाजूचा, एक विरोधातला, असे दोघं जोडीनं उठून जातात. दोन्ही मतं कटतात, कोणाचंच नुकसान नाही. दहा मिनिटांत रांगाच्या रांगा रिकाम्या झाल्या. चिटणीसबाई स्वतःच्या नवऱ्याशी जोडी करून गेल्या. लग्नानंतर दोघं पहिल्यांदाच एकत्र कुठे निघाले होते.

मला कोणी जोडीला घेईना. मी चौदा वर्षांपूर्वी इथे आलो, म्हणजे गावाच्या मते परवा.

"तू कुठल्या बाजूचा?" एकानं विचारलं.

"दोन्ही बाजूंत तथ्य आहे."

"बस मग इथेच."

शेवटी मी, एल्डन आणि सोलांजबाई उरलो. एल्डनची झाडं रस्त्यापलीकडेच होती. तो खुर्चीत नुसता वळवळत होता.

"चला की बाई!"

"माझ्या नोकरीवर मत आहे, एल्डन."

"माझंही तुमच्या नोकरीवरच आहे. म्हणून तर कटतंय!"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. फारसा धीर आला नसावा. मग एल्डनकडे पाहून सुस्कारा सोडला. "बादल्या उचलायला माणूस आहे का तुझ्याकडे?"

"नाही."

"ऊठ."

किमान किती माणसं हवीत, असा नियम आमच्याकडे नाही. आणि अध्यक्षांना मत फक्त बरोबरी झाली तरच.

"चर्चा?" हेस्टरबाईंनी रिकाम्या सभागृहाला विचारलं.

मी उठून चार मिनिटं दुरुस्तीच्या बाजूनं बोललो, मग चार मिनिटं विरोधात.

"वक्त्यांनी एकमेकांना मधेच तोडू नये," हेस्टरबाईंनी बजावलं.

मी खिडकी उघडली. पलीकडे दोघं चिखलात घसरत एक मोठी बादली नेत होते आणि रस सांडत होता. बाई ओरडल्या, "एक, दोन, तीन!" तिसऱ्या झाडापाशी एल्डनची पावलं जुळली. सातव्यापाशी सांडणं थांबलं. दहाव्यापाशी तो गायला लागला.

आम्ही दोघांनी ते ऐकलं. हेस्टरबाईंनी डोळे घट्ट मिटले.

"हा घरी शिकला," त्या म्हणाल्या. "दुरुस्तीच्या बाजूनं?"

मी हात मांडीवरच ठेवले.

"विरोधात?"

मी हात वर केला. त्यांनी नियमाप्रमाणे दोनदा मोजणी केली. पाठोपाठ मूळ अंदाजपत्रकही मी प्रचंड बहुमतानं मंजूर केलं.

एल्डन कमरेपर्यंत भिजून आला. "कोण जिंकलं?"

"दुरुस्ती नामंजूर. एकमतानं."

मागे दारात सोलांजबाई मटकन खाली बसल्या आणि चिखलाच्या हातांनी तोंड झाकून हसत सुटल्या.

एल्डननं दोनशे खुर्च्यांवरून नजर फिरवली. "ठरवलं कोणी?"

"गावानं."

मग त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, चौदा वर्षांत पहिल्यांदाच.

"गाव आहेस ना तू?" तो म्हणाला. "मग बसलायस काय? अजून साठ बादल्या आहेत."