शालू उजेडात बघायचा असतो

सातारची रात्रीची गाडी इस्लामपूरच्या अलीकडं बंद पडलीय, आता पहाटेचीच, असं सांगली स्टँडच्या खिडकीतल्या कंट्रोलरनं सांगितलं, तेव्हा इथंच एकटीनं रात्र काढता येईल म्हणून संयोगिताला खरं तर बरंच वाटलं. विश्रामबागेतलं आत्याचं घर रिक्षानं फार लांब नव्हतं. पण तिथं परत जायचं म्हणजे दुपारी बघून झालेल्या स्थळाविषयी बोलायचं, आणि बोलण्यासारखं तिच्याकडं काही नव्हतं.

स्थळ चांगलं होतं. साखर कारखान्यात इंजिनिअर, घटस्फोटित, बोलायला शांत. अडचण त्याची नव्हतीच. तिचे वडील, आबा, जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होत होतं. "वर्षाच्या आत झालं तर झालं," आत्या म्हणाली होती, "नाहीतर तीन वर्षं थांबायचं. छत्तिशीची झालीस. चाळिशीत हळद लावून घेणार आहेस का? सकाळी त्यांचा फोन येईल. हो की नाही, एवढं सांग."

स्टँडवर तिच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस येऊन बसला. बारीक कापलेले केस, ताठ पाठ. मांडीवर कापड दुकानाची मोठी पिशवी, झोपलेलं मूल धरावं तशी धरलेली.

"मॅडम, कडेगावची गाडी?"

"तीही आता पहाटेच, म्हणतात."

"म्हंजे गेलीच." तो स्वतःशीच हसला. "दुकानदारानं लय घोळवलं."

"कुठल्या युनिटला आहात?"

तो दचकला. "कसं वळखलं?"

"इतका वेळ झाला, पाठ टेकली नाहीत. माझे वडील सुभेदार होते."

'होते' ऐकून तो जरा थांबला. "कवा गेले?"

"वर्ष होईल आता."

"माझी आई गेली. दिवाळीच्या आधी."

इकडं अनोळखी बाईला पुरुष ताई म्हणतो आणि मग दोघांनाही बोलायला मोकळं होतं. यानं मॅडम म्हटलं होतं. नाव सांगितलं ते कृष्णात. येत्या गुरुवारी, गोरज मुहूर्तावर त्याचं लग्न होतं, आणि पिशवीत नवरीचा शालू होता.

"बस्ता चुलत्यांनी बांधलाय," तो म्हणाला. "पर आई म्हणायची, शालू मी बघणार, सांगलीत जाऊन. म्हणून मीच आलो. आता आपल्याला त्यातलं काय कळतंय? दुकानातल्या माणसानं सोताच्या अंगावर घिऊन दावला. हे एवढाल्या मिशा. त्या मिशीखाली पदर. तिच्या अंगावर कसा दिसंल ते मला कसं कळावं?"

संयोगिता हसली. मोठ्यानं हसली. वर्षभरात असा आवाज आपल्या घशातून निघालेला नाही हे तिला हसून झाल्यावर कळलं.

"तुमी बघता का?"

तिनं पिशवीत डोकावलं. स्टँडच्या ट्यूबखाली शालू तपकिरी दिसत होता. "इथं नाही कळणार. शालू उजेडात बघायचा असतो. दुकानातसुद्धा बायका दाराशी नेऊन बघतात."

"मग उजाडूस्तवर थांबायला लागतंय."

"थांबायचंच आहे तसंही."

पलीकडं एक दारुडा कुणाला तरी शिव्या देत सरकत सरकत जवळ आला, तेव्हा दोघं उठली आणि बाजारपेठेतून नदीकडं चालू लागली. दुकानं बंद होती. ओळख ना पाळख, अशा माणसाबरोबर आपण रात्रीचं चाललोय, याचं तिला नवल वाटलं, भीती वाटली नाही. तो एक हात अंतर ठेवून चालत होता, तिच्या चालीनं.

आयर्विन पुलावर वारा गार होता. खाली कृष्णेचं पाणी जेमतेम दिसत होतं.

"आबांच्या अस्थी माहुलीला सोडल्या," ती म्हणाली. "हेच पाणी पुढं इथं येतं. मी सांगलीत आले की नदीकडं यायचं टाळत होते."

त्यानं पायांतल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. कुणी सांगितल्याशिवाय, देवळात काढाव्यात तशा. ती त्या चपलांकडं बघत राहिली.

मग तिनं कुणाला न सांगितलेलं सांगितलं. लहानपणी आबा सुट्टीवर आले, पहाटे, काळी ट्रंक घेऊन. दार तिनं उघडलं आणि आत ओरडून सांगितलं, आई, कुणीतरी काका आलेत. आबा ते आयुष्यभर हसून सांगायचे. शेवटच्या आठवड्यात ते कुणालाच ओळखत नव्हते. ती पेपर वाचून दाखवायची. एकदा मध्येच थांबवून म्हणाले, बाई, तुम्ही दमला असाल, घरी जा आता.

"मी घरीच होते," ती म्हणाली.

"मला मातीला न्हाई पोचता आलं," कृष्णात म्हणाला. "वर बर्फानं रस्ता बंद. भावानं फोनवर आईचं तोंड दावलं, तर रेंज गेली. चित्र थांबलं तितंच. कपाळ आन एक डोळा. अजून तेवढंच दिसतंय बघा." त्यानं कठडा घट्ट धरला होता. "तेराव्याला पावणे बसले आन म्हणाले, वर्षाच्या आत उरका. पोरगी बघितली, धा मिनटं. मयूरी नाव हाय. चांगली हाय. मी हो म्हणलो, कारण न्हाई म्हणायला कायतर वाटायला लागतंय. मला कायच वाटत नव्हतं."

"मलाही सकाळी उत्तर द्यायचंय. असंच."

"काय देणार?"

"काल संध्याकाळपर्यंत हो देणार होते."

तो तिच्याकडं वळला. "आन आता?"

ती घाटाच्या दिशेनं चालू लागली. पूर्वेकडं जरा फटफटत होतं. दोघं घाटावर उतरली. मोठ्या पायरीवर त्यानं पिशवी उघडली आणि शालू दोन्ही हातांवर तिच्यापुढं धरला.

"मी दुखवट्यातली आहे," ती म्हणाली. "नव्या नवरीचं वस्त्र अंगाला लावू नये."

"मीबी दुखवट्यातलाच की."

तिनं एक घडी मोडून पदर खांद्यावर घेतला. उजेड हळूहळू येत होता, आणि त्याबरोबर शालू तपकिरीचा डाळिंबी झाला. काठाची जर उजळली. संयोगिता ताठ उभी राहिली. त्याचं बघणं जरीवर नव्हतं, काठावर नव्हतं, हे तिला न बघताही कळत होतं.

"कसा आहे?" तिनं विचारलं.

"आई असती तर," तो म्हणाला आणि थांबला. "आईनं हाच घेतला असता."

मग खालच्या आवाजात म्हणाला, "अजून चार दिस हाईत. तुमी म्हणत असाल तर मी..."

हो म्हणायला फार काही लागलं नसतं. तिला वाटत होतं; वर्षभरानं पहिल्यांदा काहीतरी वाटत होतं. पण कडेगावच्या आसपासच्या कुठल्याशा घरात आज मांडव घालायला घेतला असेल. पोरीच्या मैत्रिणी आल्या असतील. आणि तीही एका बापाची लेक होती.

तिनं पदर खांद्यावरून काढला. जुन्या मोडीवर मोड ठेवत शालूची घडी घातली, हातानं सारखी केली आणि पिशवीत ठेवली.

"मयूरीला शोभेल," ती म्हणाली. "आणि तिला आईचं सांगा. त्या थांबलेल्या चित्राचंसुद्धा. धरून ठेवू नका."

स्टँडवर कडेगावची गाडी लागलेलीच होती. फोन नंबर त्यानं मागितला नाही, तिनं दिला नाही. तो पायरीवर चढला, वळला. रात्रभर जागून तोंड ओढलेलं होतं.

"येतो, ताई," तो म्हणाला.

पहिल्यांदाच म्हणाला. संयोगितानं मान हलवली. दुसरं काही म्हणाला असता तर तिच्यानं परतीच्या गाडीत बसवलं नसतं, हे त्यालाही कळलं असावं.

कराड सोडल्यावर आत्याचा फोन आला. "काय सांगू गं त्यांना?"

"नाही सांग, आत्या."

"अगं, मग तीन वर्षं जातील! तेव्हा कोण विचारणार आहे तुला?"

"कुणी नाही विचारलं तर नाही. पण आबांचं वर्ष मला नीट घालू दे."

आत्या बराच वेळ बोलत राहिली. संयोगिता ऐकत राहिली. फोन संपला, तशी तिनं ओढणी तोंडावर घेतली आणि पहिल्यांदा, भरल्या गाडीत, आबांसाठी मोकळेपणी रडली. शेजारच्या म्हातारीनं काही न विचारता पाण्याची बाटली तिच्या मांडीवर ठेवली.

गुरुवारी ती कॉलेजातून लवकर घरी आली. दिवेलागणीला गोठ्याकडं परतणाऱ्या म्हशी गल्लीतून गेल्या. तिनं डब्यातून भातासाठी मूठभर तांदूळ घेतले. अक्षता धराव्यात तशी मूठ मिटलेलीच ठेवून ती ओट्याशी थोडा वेळ उभी राहिली. मग तांदूळ पातेल्यात टाकले, धुतले आणि एकटीपुरता भात लावला.