दोन सुतांचा फरक

मागच्या चाकाचा पाटा, म्हणजे पोलादी स्प्रिंग, आणि त्याच्या वर सांगाड्याला ठोकलेला रबरी ठोकळा, या दोहोंच्या मध्ये पावणेदोन इंच जागा होती. इंदुमतीनं पोलादी मोजपट्टी दोनदा लावून पाहिली. तिच्या वहीतल्या हिशेबानं तिथं दीड इंच यायला हवा होता. फरक पाव इंचाचा. सरकारी बसच्या वर्कशॉपातले लोक त्याला दोन सूत म्हणत.

पाटे जुने आहेत, तिनं मनाशी म्हटलं. पोलादाच्या पट्ट्या एकमेकींवर गंजून अडकल्या असतील, पुरत्या दबल्या नसतील. इतक्यात घंटा झाली.

"इंदू, बाजूला हो!" तिचे वडील नरहर उदगीरकर ओरडले. "आता उचलायची आहे."

ती वाकलेली उठली आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. समोर लाकडी ओंडक्यांच्या भक्कम पाटावर दुमजली बस उभी होती. दसऱ्याची झेंडूची माळ रेडिएटरवर अजून तशीच होती, सुकलेली. खालच्या मजल्यावर चिटपाखरू नव्हतं. वरच्या मजल्यावर मात्र तीसही जागा भरलेल्या. दर बाकावर माणसाऐवजी वाळूची गोणी, एकेका माणसाच्या वजनाची, म्हणजे एकशेचाळीस रत्तलांची. गाडी चालताना जितकी वाईट तऱ्हेनं भरेल तितकी वाईट भरायची आणि मग सबंध पाट एका बाजूनं अठ्ठावीस अंशांपर्यंत उचलायचा. वरच्या बाजूची चाकं पाट सोडतात का, एवढंच बघायचं. विलायतेत प्रत्येक नव्या बनावटीची गाडी या परीक्षेला बसते, हे नरहररावांनी एका जुन्या पुस्तिकेत वाचलं होतं.

ही परीक्षा त्यांनी स्वतः मागून घेतली होती. गाडीचं इंजिन आणि सांगाडा विलायती. पण वरची लाकडी बनावट पावसानं आणि वाळवीनं खाल्ली होती. नरहररावांनी ती उतरवून टाकली आणि आदिलाबादचा साग व ॲल्युमिनियमचा पत्रा घेऊन दोन्ही मजले नव्यानं बांधले. अशा तीन गाड्या. त्या रस्त्यावर येणार, तोच समुद्रकाठच्या जिल्ह्यांतून बदलून आलेले नवे साहेब, अप्पाराव, यांनी फायलीवर शेरा मारला, की घरगुती बनावटीचा वरचा मजला भरवशाचा नाही, तो कापून गाड्या एकमजली कराव्यात.

आणि त्याच महिन्यांत तो दुसरा कागद घरी आला होता. हैदराबाद राज्याची तीन शकलं होणार होती. मराठी नोकरदारांनी लिहून द्यायचं होतं, मुंबई राज्यात जाणार की इथंच राहणार. शनिवार शेवटचा दिवस, आणि आज गुरुवार. चार महिने तो कागद कपाटावर कोरा पडला होता. औरंगाबादेहून थोरले काका एकनाथराव पत्रामागून पत्र धाडत होते, घर बघून ठेवलंय, या. नरहररावांचं एकच उत्तर ठरलेलं. "गाडीचं काय ते कळू दे. कापली तर जाऊ. उभी राहिली तर बघू."

इंदुमतीला जायचं नव्हतं. बायकांच्या कॉलेजात ती पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा सांभाळत होती. आबिड्सच्या पोस्टासमोरून सायकलनं जाणं, अफझलगंजच्या ग्रंथालयातलं कोपऱ्यातलं टेबल, हे सगळं तिला सोडवत नव्हतं. पण ती घरात बोलली नव्हती. बोलण्याऐवजी तिनं तीन आठवडे गाडीचा हिशेब केला होता. दारं, काचा, बाकं, जिना, एकेका भागाचं वजन वडिलांनी काट्यावर घेऊन तिला द्यायचं आणि तिनं त्या सगळ्यांचा मिळून गुरुत्वमध्य काढायचा. तो अपेक्षेपेक्षा किती खाली आला, हे पाहून तिलाच हसू फुटलं होतं. गाडी दिसते हत्तीसारखी, पण इंजिन, गिअर, आस, सांगाडा, सगळं जड सामान माणसाच्या कमरेच्या खाली. वरचा मजला म्हणजे सागाच्या काड्या आणि पत्रा. ज्यानं हे पहिल्यांदा योजलं त्याची तिला एकदा भेट घ्यावीशी वाटली होती.

"हल्लू, मौलासाब, हल्लू!"

"फिकर नक्को, उस्ताद," क्रेनची साखळी सांभाळणारे मौलासाब म्हणाले. "तुमारी दुल्हन है, झूले में बिठा के उठातौं."

सगळे हसले. साखळ्या ताणल्या. पाटाची एक कड उठू लागली आणि गाडी दुसऱ्या अंगाला कलू लागली. भिंतीवर लावलेल्या मोठ्या कोनमापकावरून ओळंबा सरकत होता. दहा. पंधरा. वीस. लाकूड कुरकुरलं. बाविसाला गाडीकडे बघणाऱ्या माणसांच्या माना आपोआप वाकड्या झाल्या होत्या. इंदुमतीनं पदर मुठीत धरला होता.

अठ्ठावीस.

वरच्या चाकाखाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवली होती. अप्पारावांनी शिडीवर चढून ती ओढली. पट्टी जागची हलली नाही. चाक पाटावर घट्ट बसलं होतं.

आवारात एकच गलका झाला. फिटरांनी टोप्या उडवल्या. "वा रे उस्ताद!" मौलासाब ओरडले. गाडी खाली आली आणि नरहरराव तिच्या बॉनेटवर हात ठेवून नुसतेच उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते.

इंदुमतीलाही ओरडावंसं वाटलं. पण ती मागच्या चाकाशी गेली आणि तिनं पट्टी लावली. एवढं कलून परत आल्यावर अडकलेले पाटे मोकळे झाले असणार. आता तरी दीड.

पावणेदोन.

म्हणजे पाटे अडकले नव्हते. वर वजनच कमी होतं.

तिनं गोण्या आठवून पाहिल्या, मग आवाराच्या कोपऱ्यातला वाळूचा ढीग बघितला, तिथं जाऊन मूठभर वाळू दाबली. मुठीचा लाडू झाला. ओली होती. पहाटे मुसी नदीतून आणलेली.

"बाबा," तिनं त्यांना बाजूला घेतलं. "गोण्या काट्यावर घातल्या होत्या?"

"एकेक गोणी कशाला? काल बादली घातली ना काट्यावर. पस्तीस रत्तल बराबर. चार बादल्यांची एक गोणी. आमच्या उदगिरात कुणी धान्य तोलत बसत नाही, मापानंच घालतात."

"काल वाळू कोरडी होती."

"आज ओली आहे. मग जडच झाली की! परीक्षा उलट कडक झाली."

"नाही झाली. ओल्या कणांना पाण्याची साय धरते, ते एकमेकांना चिकटून दूर दूर राहतात. वाळू फुगते. बादली भरलेली दिसते, पण आत वाळू कमी मावते."

नरहररावांनी तिच्याकडे पाहिलं. ते चिडले नाहीत. मुलीचा हिशेब त्यांना तीन आठवड्यांत ठाऊक झाला होता.

"किती कमी?"

"दोन सुतांवरून काढलं तर... पाच माणसं मधल्या स्टॉपवर उतरून गेल्यासारखी."

पलीकडे अप्पाराव मडगार्डवर कागद ठेवून सहीसाठी पेन उघडत होते. नरहररावांनी तिकडं बघितलं, मग मुलीकडे.

"तुला राहायचंय ना इथं?"

घरातलं कुणी हा प्रश्न तिला पहिल्यांदाच विचारत होतं.

"आणि तरी सांगायला आलीस?"

"पाच माणसं जास्त चढली आणि वळणावर गाडी गेली तर, बाबा?"

त्यांनी हातातल्या चिंधीनं बोटं पुसली, पुसलेलीच पुन्हा पुसली. मग ते ताठ चालत आवाराच्या त्या टोकाला गेले. इंदुमती मागोमाग.

"साहेब, सही करू नका. गोण्या हलक्या आहेत. चूक माझी."

अप्पाराव ऐकत राहिले. त्यांच्या भुवया वर गेल्या. "गीली रेत हलकी? एमंडी उदगीरकर गारू, ये क्या बोलते आप?"

"काट्यावर घाला," इंदुमती म्हणाली.

बादली भरली, काठोकाठ सारखी केली, काट्यावर ठेवली. बादलीचं वजन वजा जाऊन एकोणतीस. अप्पारावांनी काटा पुसून पुन्हा ठेवायला लावली. एकोणतीस. गोणीमागे चोवीस रत्तल कमी. ते काट्याकडे आणि इंदुमतीकडे आळीपाळीनं बघू लागले आणि एकाएकी, एखाद्या विद्यार्थ्यासारखे, खळखळून हसले.

"बारा साल नौकरी, और मेरेकू मालूम नै था! चला, भरा परत."

दुपार त्यातच गेली. वळणाच्या अरुंद जिन्यावरून डबे चढत होते आणि गोण्यांची तोंडं सोडून वाळू ओतली जात होती. या वेळी प्रत्येक डबा काट्यावरून जात होता, आणि काट्याशी नरहरराव स्वतः उभे होते. अप्पारावांनीही कोट काढून दोन डबे वर नेले. शेवटची गोणी शिवल्यावर इंदुमती चाकाशी वाकली. दीड इंच. केसाचाही फरक नाही! तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. कागदावरचा आकडा लोखंडानं असा उच्चारलेला तिनं कधी पाहिला नव्हता.

घंटा झाली. या खेपेला कुणी थट्टा केली नाही.

वीस. चोवीस. पाटे आता नुसते कुरकुरत नव्हते, कण्हत होते. गाडीचं धड चाकांहूनही जास्त कलत होतं. सव्वीस. वरच्या मजल्यावरची एक काच थरथरायला लागली आणि थांबेचना. तिच्या वहीप्रमाणे चाक एकतिसाला सुटायला हवं. पण वहीला ही काच ठाऊक नव्हती, हा कण्हण्याचा आवाज ठाऊक नव्हता. सत्तावीस. ओळंबा क्षणभर हेलकावला.

"अठ्ठावीस!" मौलासाबांनी साखळी अडवली.

अप्पाराव शिडीवर होते. त्यांनी कागदाची पट्टी धरून ओढली. ती हलली नाही. त्यांनी जोर केला. टर्र असा आवाज झाला, आणि अर्धी पट्टी त्यांच्या हातात आली. उरलेली अर्धी चाकाखालीच होती.

"बागुंदी! बढिया!" ते वरूनच ओरडले. "एक और डिग्री! मौलासाब, एक और!"

"साहेब, पुरे—" नरहरराव म्हणेपर्यंत साखळी खडखडली. एकोणतीस. चाक पाटावर. मग मात्र आवारानं आकाश डोक्यावर घेतलं. इंदुमती स्वतःच्या नकळत टाळ्या वाजवत होती, हसत होती आणि वही कुठं पडली तिला ठाऊक नव्हतं.

गाडी सपाटीवर आल्यावर अप्पाराव खाली उतरले. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. फाटकी पट्टी त्यांनी फायलीत ठेवली, आपला जुना शेरा खोडला आणि सही केली.

"कापायची नाही. तीनही चालतील. आणि पुढच्या वर्षी आणखी तीन बांधायच्या, हाच नकाशा, हाच हिशेब." मग ते थोडे घुटमळले. "पर शनिवार तक आप जाने का लिख के देरे बोलके सुना. औरंगाबाद. फिर कौन बनाता?"

सगळे नरहररावांकडे बघू लागले. मौलासाब साखळी गुंडाळायचे थांबले.

"चार महिने मी गाडीवर ढकलत होतो, साहेब," नरहरराव म्हणाले. "ती उभी राहिली तर बघू, म्हणत होतो. पण दुपारी गोण्यांचं सांगायला तुमच्याकडे चालत आलो ना, ती पंचवीसेक पावलं असतील. मनात आलं, आता गाडी कापणार, आता सामान बांधायचं. आणि प्रत्येक पावलाला एकच वाटत होतं, की मला जायचं नाही. गाडी पडली तरी जायचं नाही."

ते लेकीकडे वळले.

"इंदू, घरी गेल्यावर त्या कागदावर तुझ्या नीट अक्षरात लिही. मी सही करतो. आपण हैदराबादेतच राहणार."