सत्तेचाळीस नंबरची पिशवी

आमच्या वाळवणाच्या खोलीत दोन ओव्हन शेजारी शेजारी आहेत. डावीकडच्यात बियाणं वाळतं, अडतीस अंशांवर. उजवीकडच्यात दाण्यातलं पाणी मोजण्यासाठी मूठभर गहू अक्षरशः भाजतात, एकशेतीस अंशांवर, आणि मग फेकून देतात. पहिल्याच दिवशी हे वहीत लिहून मी त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. पदवी घेऊन गव्हाच्या संशोधन केंद्रात इंटर्न म्हणून आलेल्या मुलीला एवढं कळायला हवं. कळत होतंच. तरी मंगळवारी मी सत्तेचाळीस नंबरची पिशवी उजवीकडे ठेवली.

वीस मिनिटांनी लक्षात आलं. पिशवी घाईने बाहेर काढताना बोटं पोळली. दाणे होते तसेच, पिवळे, टपोरे. मेलेलं बी जिवंत बियासारखंच दिसतं, हीच त्याची बदमाशी.

सत्तेचाळीस नंबर म्हणजे काकांचा गहू. काका केंद्रातले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. साहेबसुद्धा त्यांना काकाच म्हणतात. दाणा भरताना उन्हाची झळ लागली तरी न सुकणारं हे वाण त्यांनी नऊ वर्षं ओंबी ओंबी निवडून काढलं होतं. मागचं पीक गारपिटीने झोपवलं, म्हणून बियाणं उरलं ते एवढंच, दोन किलो. पेरणी सोमवारी होती. काका सहा महिन्यांनी निवृत्त होणार होते.

पिशवी गार झाल्यावर मी ती गुपचूप डावीकडे सरकवली. तेवढ्यात काका दारात.

"सत्तेचाळीस ठेवलीस ना गं वाळायला?"

"हो काका."

संध्याकाळी पिशवीतले वरचे शंभर दाणे घरी नेले, ओल्या कागदात गुंडाळले आणि ताईच्या डब्यात ठेवले. मी ताईकडेच राहते. तिला सगळं सांगितलं.

"कुणी पाहिलं?"

"नाही."

"मग हाताची घडी, तोंडावर बोट. उगवलं नाही तर म्हणतील, वाणच कमजोर होतं."

ती मला धीर द्यायलाच तसं म्हणाली, पण माझी झोप उडाली ती त्यामुळेच. खरंच तसंच म्हणाले असते. नऊ वर्षांच्या फायलीवर शेरा पडला असता: उगवण नाही, वाण रद्द. आणि काकांनी तो खरा मानला असता.

पुढचे तीन दिवस चोराच्या मनात चांदणं. काका बोलले की वाटायचं, यांना कळलंय. बोलले नाहीत की वाटायचं, नक्कीच कळलंय. शुक्रवारी सकाळी डबा उघडला. शंभरातला एकही दाणा फुटला नव्हता.

"डबा घासून ठेव," मागून ताई म्हणाली.

मी तो तसाच घेऊन निघाले. काका वजनकाट्यापाशी होते. इंटर्नशिप गेलीच, हे मी धरून चालले होते. भीती होती ती त्यांच्या चेहऱ्याची. डबा पुढे ठेवून एका दमात सगळं सांगून टाकलं.

ते ओरडले नाहीत. दाणे बोटाने उलटेपालटे करून पाहिले.

"वरचे घेतलेस की मधले?"

"वरचे."

"आणि नमुना कुठून घ्यायचा असतो?"

"वरून, मधून, खालून."

"मग? घाबरलं की शिक्षण पळून जातं?"

त्यांनी पोकळ सळई पिशवीच्या पोटात खुपसली आणि मधले शंभर दाणे काढून ओल्या कागदात गुंडाळले. उष्णता कडेने आत शिरते, वीस मिनिटांत मधोमध पोचलीच असेल असं नाही, म्हणाले. "पोचली नसेलच, असंही नाही." त्यांचा आवाज कापत होता. काका घाबरलेले मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि ते माझ्यामुळे.

सोमवारी पेरणी थांबवली होती. कागदाची गुंडाळी टेबलावर होती. काकांनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

"तू उघड."

मी उघडली. पांढरी मुळं दिसली. शंभरात एकोणीस. काकांनी दोनदा मोजली.

"शेतभर नाही पुरायचं," ते म्हणाले. "कुंड्यांत वाढवून पुन्हा बियाणं करायचं. तीन वर्षं जातील. साहेबांना तू स्वतः सांगायचंस, मी बरोबर येतो. पण मी इथे आहे सहा महिने. पुढे कोण बघणार?"

मी गुंडाळी पुन्हा नीट मिटली.

"मला ठेवून घेतलं, तर मी."

"भीती वाटते?"

"खूप."

"मग चालेल," काका म्हणाले, आणि त्यांनी पहिली कुंडी माझ्यापुढे सरकवली.