बटण चालूच राहिलं

मित्रांनो, मुलांच्या मनाचा अभ्यास चालतो त्या खोलीत, फाइलींच्या कपाटावर पडलेला हा जुना टेपरेकॉर्डर म्हणजे मी. माझं झाकण रबरबँडने बांधलंय. हसू नका, कान अजून शाबूत आहेत.

आलो तेव्हा मी चकचकीत होतो. डॉक्टरीणबाई मुलांना प्रश्न विचारायच्या, मी उत्तरं टिपायचो. प्रश्न संपले की मदतनीसताई मला बंद करायची आणि मगच बिस्किटांचा डबा उघडायची. नियमच तसा. मूर्ख नियम! मुलं खरं बोलायची ती बिस्किटं खाताना.

एकदा सात वर्षांची मुलगी आली. घरी तोंडाचा पट्टा चालू, बाहेर मात्र तोंडाला कुलूप. शाळेने आईला बजावलं होतं, "हिला काही येत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी आणा, नाहीतर नाव काढा." तीन भेटींत मी फक्त पंख्याची घरघर टिपली. बाईंनी फॉर्मवर तीनदा 'बोलत नाही' अशी खूण केली. एवढी शिकलेली माणसं!

चौथी भेट शेवटची. तीही गप्पच गेली. त्या दिवशी डब्याचं झाकण अडकलं, आणि त्या खटपटीत ताई मला बंद करायला विसरली. बाई आणि ताई बाहेर गेल्या, खोलीत मायलेकीच उरल्या. मुलीने टेबलावरचा बाईंचा चष्मा नाकावर चढवला.

"हं, आई, नीट बसा. राग येतो का? कधीच नाही, कधी कधी, की नेहमी?"

"नेहमी."

"कोणाचा?"

"तुझ्या शाळेचा."

"मग बिस्कीट खा. दोन खा. औषध आहे ते."

दोघी परतल्या आणि ताईने जीभच चावली. "अगं बाई, हा चालूच राहिला!"

बाई मुलीसमोर जमिनीवर बसल्या. "चुकून तुझं बोलणं टिपलं गेलंय. ऐकू का? नको म्हणालीस तर पुसून टाकते."

मुलीने बराच विचार केला. मग स्वतःच माझं बटण दाबलं.

स्वतःची नक्कल ऐकून बाई हसून हसून लाल झाल्या. "मी अशी बोलते?"

"अगदी अश्शीच!" ताई म्हणाली.

"परत लावा ना," मुलगी म्हणाली. मोठ्याने, सगळ्यांसमोर!

बाईंनी शाळेला लिहिलं, 'मुलगी बोलते. ऐकायला तुम्ही शिका.' नाव राहिलं. त्या दिवसापासून डबा आधी, प्रश्न नंतर.

आता नवी यंत्रं आली आहेत, माझ्यावर धूळ आहे. ती पुसली नाहीत तरी चालेल. पण मित्रांनो, तुमच्या वर्गात असं कुणी गप्प असेल तर त्याला मुका म्हणू नका. शेजारी बसा, डबा उघडा. दोन द्या, दोन खा. औषध आहे ते.