बियाण्याचा भोपळा

मी एक जुनी मातीची भट्टी आहे, आणि मित्रांनो, मला या घराचा अगदी वीट आलाय.

दक्षिण आफ्रिकेतल्या केपच्या डोंगराखाली, ग्रीताच्या अंगणात मी उभी आहे. तिच्या नवऱ्याने मला वारुळाच्या मातीने बांधलं. तो होता तोवर दर हिवाळ्याआधी मला लिंपण व्हायचं. आता भेगांतून धूर येतो, तरी कामं मात्र सगळी माझ्याकडूनच हवीत.

आणि कामं तरी कशी? ग्रीताची सून स्टीना सगळे भोपळे एकदमच आत ढकलते. अगं बाई, मुठीएवढे हिरवे आधी टोचावे लागतात, नाहीतर फुटतात. ते दाराशी ठेवायचे. लांब मानेचा उभा चिरून पालथा घालायचा. पांढरा चपटा मात्र दगडासारखा. त्याला सुरी लागत नाही, तो अख्खाच मागे सारायचा. हे सगळं ग्रीताला ठाऊक. पण ती सांगेल तर शपथ. "डोळे आहेत ना तिला," म्हणते. आणि स्टीना विचारेल तर शपथ. "विचारलं की तासभर बोलणी खायची," म्हणते.

आमच्याकडे भोपळे पत्र्याच्या छपरावर साठवतात. धुराड्याशी एकटा ठेवलेला असतो, तो बियाण्याचा. गावात त्याला कुणी हात लावत नाही. ग्रीताच्या आईपासूनचं ते बी, आणि यंदा पाणी आटल्यामुळे त्याच्या वेलाला एवढा एकच भोपळा धरला होता. पण स्टीना शहरातून आलेली, तिला कोण सांगणार?

हिवाळ्यात ग्रीता तापाने अंथरुणाला खिळली. जेवण सुटलं. स्टीना घाबरली आणि शिडी लावून छपरावर चढली. देठ लाकडासारखा सुकलाय का पाहिलं, सालीत नख रुतवून पाहिलं. पहिल्यांदाच बाई नीट निवडत होती, आणि उचलला तो नेमका धुराड्याजवळचा. मला ओरडावंसं वाटलं, पण भट्टीचं कोण ऐकतं? तो अख्खा माझ्या पोटात आला. त्या दिवशी तरी मला गार पडायचं होतं, तर हिने लाकडंही भरपूर जाळलेली.

ग्रीताला उशीला टेकवून बसवलं. लोणी, दालचिनी घातलेला भोपळा तिने वाटीभर खाल्ला.

"गोड आहे गं. कुठला हा?"

"धुराड्याजवळचा, आई. सगळ्यात चांगला तोच होता."

ग्रीताचा चमचा थांबला. "तो बियाण्याचा होता."

स्टीनाने भोपळ्यातून ताटात काढून ठेवलेल्या बिया चाचपल्या. सगळ्या शिजून मऊ झालेल्या.

"मग तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलंस का नाहीस?"

स्टीना रडायला लागली. ग्रीताने वाटी तिच्याकडे सरकवली. "घे, तूही खा. हा पुन्हा मिळायचा नाही."

मित्रांनो, माझ्या भेगा पुढच्या वर्षीही लिंपता येतील. घरातल्या माणसाला काही विचारायचं असेल, तर ते मात्र आजच विचारा. ठाऊक असेल ते आजच सांगून टाका. मी गप्प राहिले, कारण मला त्यांच्याशी बोलता येत नाही. त्या दोघींना येत होतं.