शनिवारी उरकलेला वसंत

मी कोंबडी बोलतेय. हसू नका. माणसांनी माझ्या जातीबद्दल पुष्कळ बोलून ठेवलंय. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, सोन्याच्या अंड्यांच्या गोष्टी सांगतात. आज जरा मला बोलू द्या. सिडनीतल्या कॅसल हिलमध्ये, एका मराठी घराच्या मागच्या अंगणात, लाकडी खुराड्यात मी बसले आहे. माझ्या पोटाखाली एक अंडं आहे. ते लाकडाचं आहे.

माझी आई मी पाहिली नाही. मी यंत्रात उबले. डोळे उघडले तेव्हा वर एक लाल दिवा होता आणि आजूबाजूला माझ्यासारखीच पोरकी पिल्लं. दिव्याला ऊब असते, पण तो पंखाखाली घेत नाही. तेव्हापासून मी एकच इच्छा धरून होते, की एकदा तरी आपण अंडी उबवायची आणि पिल्लांना पोटाशी घेऊन निजायचं. कोंबडीने याहून मोठं काय मागावं?

मयूरा आणि हृषीकेश मूळचे पुण्याचे. तो आयटीत, मेट्रोने ऑफिसला जातो. ती घरूनच काम करते. दिवसभर कॉम्प्युटरशी बोलते आणि चार वाजले की माझ्याशी. त्यांनी मला पुठ्ठ्याच्या खोक्यातून आणलं, सोबत दोन तपकिरी कोंबड्या. माझं नाव हृषीकेशने काळी ठेवलं, कारण मी काळी आहे. इंजिनियर माणूस, यापलीकडे तो कुठे डोकं चालवणार!

मयूरा माझ्याशी बोलायची, कारण तिला बोलायला दुसरं फारसं कुणी नव्हतं. मग एका बागकामाच्या वर्गात तिला लॉरेन भेटली. लॉरेन साठीची, हातभर चांदीच्या अंगठ्या, गळ्यात चंद्रकोर. ती आणि तिच्या मैत्रिणी निसर्गाला देव मानतात आणि युरोपातले फार जुने सण नव्याने साजरे करतात. त्यातला एक ओस्टारा, म्हणजे वसंतसंपाताचा सण. दिवस आणि रात्र सारखी होते, थंडी सरते, माती पुन्हा जागी होते. त्या दिवशी बिया पेरायच्या, मेणबत्त्या लावायच्या, अंडी रंगवायची.

या देशात ऋतू उलटे, म्हणून तो दिवस सप्टेंबरात येतो. मयूराला हे फार पटलं. आपला पाडवा इथे पानगळीत येतो, दुकानातली ईस्टरची अंडीसुद्धा पानगळीतच. ही माणसं निदान खिडकीबाहेर बघून सण करतात, असं ती मला म्हणाली. मलाही पटलं होतं, खोटं कशाला बोलू?

कारण सप्टेंबर लागला की मी खुडूक होते. अंडी द्यायची थांबते, खुराड्यात ठाण मांडून बसते, अंग तापतं, पोटाची पिसं झडतात. पण वस्तीत कोंबडा पाळू देत नाहीत, शेजाऱ्यांची झोप मोडते म्हणे. कोंबडा नाही, तर माझ्या अंड्यात जीव कुठून यायचा? मी तरी बसायचीच. मग मयूरा मला उचलून गार पाण्याच्या बादलीत पोटापर्यंत बुडवायची, खुडूक मोडायला. तिकडे टेबलावर माझीच अंडी निळी-जांभळी रंगवून नवजीवनाचा सण मांडलेला, आणि इकडे मी बादलीत. ज्याचं जळतं त्याला कळतं.

यंदा मात्र ती बादली न घेता आली. खुराड्यापाशी मांडी घालून बसली आणि म्हणाली, "काळे, यंदा तुला पिल्लं देते. प्रॉमिस."

हॉक्सबरीकडच्या एका फार्मवरून तिने सहा अंडी आणली, माझ्याच जातीची, कोंबडा असलेल्या कळपातली. ती माझ्या पोटाखाली सरकवली तेव्हा गार होती. मी ती छातीशी ओढून घेतली. दिवसातून एकदा दाणापाण्याला उठायची, बाकी सगळा वेळ बैठक. अंडी उलटी-सुलटी करायची, कडेचं मधे घ्यायचं, मधलं कडेला. हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

हृषीकेश या सगळ्याची टिंगल करायचा. बायकोच्या ग्रुपला तो 'चेटकिणींची भिशी' म्हणतो. पण एका संध्याकाळी तो टॉर्च घेऊन आला आणि एक अंडं उजेडावर धरून बघू लागला. आत लाल धाग्यांचं जाळं होतं आणि मधे एक ठिपका उडत होता. मग आत जाऊन ओवीला, त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीला, बोलावून आणलं. त्यानंतर रोज ऑफिसातून आला की बूट न काढता आधी माझ्याकडे यायचा.

तीन आठवडे लागतात. मयूराने हिशोब करूनच बसवलं होतं. संपात मंगळवारी, पिल्लंही मंगळवारी. पण मंगळवारी सगळ्यांना नोकऱ्या. म्हणून ग्रुपने ओस्टारा आधीच्या शनिवारी करायचं ठरवलं, आणि यंदा पहिल्यांदाच सगळा ग्रुप मयूराकडे जमणार होता. सूर्यदेखील विकेंड बघून उगवतो अशी बहुधा या मंडळींची समजूत असावी. अंड्याला मात्र शनिवार कळत नाही.

त्या शनिवारी अंगणात फुलांच्या माळा होत्या, मधाचा केक होता, बार्बेक्यूच्या शेगडीवर कांद्याच्या सालींचं पातेलं उकळत होतं. त्यात अंडी उकडली की छान तांबूस रंग चढतो. हृषीकेश ओवीला क्लासहून आणायला गेला होता. मयूराने दुकानातून अंड्यांचं खोकं आणून ठेवलं होतं. लॉरेनने ते बघून नाक मुरडलं. पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची अंडी, त्यात चैतन्य नाही, घरच्या कोंबड्या असताना ही कशाला, असं म्हणत ती थेट खुराड्याशी आली. मागोमाग बाकीच्या, आणि सगळ्यांच्या मागे मयूरा.

लॉरेनने झाकण उचललं आणि माझ्या पोटाखाली हात घातला. अजून उबदार आहेत, देवीचाच प्रसाद, असं काहीसं म्हणाली. मग वळून तिने मयूराला विचारलं, घेऊ ना?

मी मयूराकडे बघितलं. सगळ्या जणी तिच्याकडे हसून बघत होत्या.

"ऑफ कोर्स," मयूरा म्हणाली. "नो वरीज."

भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे भीड मयूराची होती आणि भीक माझ्या पदरात पडली. सहाही अंडी एका वेताच्या परडीत गेली. मी खुराड्याच्या जाळीवर अंग आपटत राहिले. एक जण म्हणाली, बिचारी किती उत्साहात आहे बघा.

खुराड्यातून शेगडी दिसते. मी सगळं बघितलं.

हृषीकेश ओवीला घेऊन आला तोवर अंडी निथळून टेबलावर मांडली होती. संपाताला अंडं उभं राहतं अशी त्यांची समजूत आहे, म्हणून जो तो आपलं अंडं टेबलावर उभं करू पाहत होता. हृषीकेशच्या हातातही एक दिलं. त्याने ते तळहातावर तोललं आणि खुराड्याकडे बघितलं.

"मयूरा, ही अंडी कुठली?"

"नंतर बोलू. प्लीज."

तेवढ्यात ओवीचं अंडं कलंडलं आणि फरशीवर फुटलं. आत ओली काळी पिसं होती, एवढीशी चोच होती. ओवी वाकून बघत म्हणाली, "That's Kali's baby."

मग रडारड झाली. लॉरेन सगळ्यात जास्त रडली. तिने सगळ्यांना हात धरून गोल उभं केलं, लिंबाच्या झाडाखाली खड्डा खणवला, सहाही अंडी फुलं घालून पुरली. मेणबत्त्या लागल्या, गाणं झालं. प्रत्येकीने मयूराला मिठी मारली. इतका खोल ओस्टारा आयुष्यात अनुभवला नव्हता, असं जाताना एक जण म्हणाली. केकचे उरलेले तुकडे त्यांनी डब्यात भरून नेले. खुराड्याकडे कुणी फिरकलं नाही.

सगळे गेल्यावर हृषीकेश म्हणाला, "तुला माहीत होतं."

"सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार होते मी? तीन वर्षं त्यांच्यात बाहेरची होते रे. आज पहिल्यांदा आपली म्हणाल्या."

"हे मला नको सांगूस," तो म्हणाला. "काळीला सांग."

ती आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आली, तेव्हा हातात हे लाकडी अंडं होतं. जांभळं, वर सोनेरी वेटोळं. लॉरेनने माझ्यासाठी भेट दिलं होतं. मयूराने ते माझ्याखाली ठेवलं आणि माझ्याकडे न बघता झाकण लावलं. मंगळवारी खरा संपात आला. दिवस आणि रात्र सारखी झाली. मी त्या लाकडावर बसून होते, कारण अंगातला ताप लाकूड ओळखत नाही.

आता चार वाजले तरी मयूरा माझ्याशी बोलत नाही. दाणे टाकते, तपकिरी कोंबड्यांची अंडी उचलते, जाते. हृषीकेश अजून बूट न काढता येतो, पण जाळीपाशी उभा राहून परत फिरतो. लॉरेनचा मेसेज आला होता म्हणे, पुढच्या वर्षीही इथेच जमू, ही जागा आता पवित्र झाली आहे. मयूराने काय उत्तर दिलं ते तुम्ही ओळखलं असेलच.

मला तुमच्या मेणबत्त्या नकोत, फुलं नकोत, लिंबाखालचं गाणंही नको. एवढंच सांगते, की जन्माचा सण करायचाच असेल तर आधी कुणाचं काय उचलताय ते बघा, आणि बघून गप्प राहू नका. त्या दिवशी लॉरेनचा हात आत आला तेव्हा मी चोच उगारली होती. माझी चोच बसली की रक्त येतं. पण तिच्या खांद्यामागे मला मयूरा दिसली, आणि मी मान खाली घेतली. म्हटलं, ती आहे ना, ती बोलेल.