तळराज्यातली सुमंगला

‘तळराज्य’ छापायला कुणी प्रकाशक तयार होईना, तेव्हा गौरवी माजिकने ते स्वतःच छापलं. गोव्यात साखळीच्या बाजारात तिचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान होतं. दिवसभर लोकांचे दाखले, अर्ज आणि लग्नपत्रिका, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा कादंबरीची पानं. मुखपृष्ठ तिनेच केलं, मुद्रितंही तिनेच तपासली, आणि छापून झालेले गठ्ठे स्कूटरला बांधून जत्राजत्रांत विकले.

कादंबरी अद्भुताची होती. डिचोलीकडच्या बंद खाणींत साचलेल्या हिरव्या पाण्याच्या तळाशी एक राज्य आहे. काठावर पाणराखा बसतो आणि माणसांना नावाने हाक मारतो. ज्याला आपलं नाव ऐकू येतं, तो पाण्यात उतरतो. गौरवीचे वडील उभा जन्म खाणीच्या ट्रकवर होते. पुस्तक कधी हातात धरत नसत, पण तिने ही गोष्ट वाचून दाखवली तेव्हा ताट समोर थंड होईपर्यंत ऐकत राहिले. तेव्हापासून तिच्या डोक्यात ऑडिओबुक होतं.

आवाजासाठी तिला धाकू परबच हवे होते. धाकूमामा पेडण्याकडच्या कोरगावचे. दशावतारात आयुष्यभर राक्षसाची कामं केलेली. गुडघे गेल्यामुळे आता रंगमंचावर उभं राहवत नव्हतं, पण आवाज तसाच होता, विहिरीतून आल्यासारखा.

रेकॉर्डिंगच्या खर्चासाठी गौरवीने इंटरनेटवर वर्गणी मागायची ठरवली. त्यासाठी एक छोटा व्हिडिओ केला. धाकूमामा आपल्या पडवीत बसून पाणराख्याची हाक म्हणताहेत, मागे अंगण, काजूची झाडं. खाली तिने लिहिलं, ‘मामा रोज संध्याकाळी याच पडवीत मोठ्याने तालीम करतात. सारा वाडा ऐकतो.’ वर्गणीदारांना बक्षिसंही ठेवली. थोडी वर्गणी देणाऱ्याचं नाव शेवटी वाचलं जाणार होतं. सगळ्यात मोठ्या वर्गणीला दोन मान होते. एका पात्राला तुम्ही सुचवाल ते नाव, आणि त्या प्रकरणाच्या रेकॉर्डिंगला हजर राहायची संधी.

ती सगळ्यात मोठी वर्गणी कुणी देईल असं तिला वाटलं नव्हतं. महादेव राऊळ नावाच्या माणसाने ती दिली. वास्कोत बंदरावर मालवाहतुकीचा धंदा आहे, एवढंच त्याने स्वतःबद्दल लिहिलं होतं. त्याची ईमेल फार अदबशीर असत. ‘ताई, आपल्यासारख्या लेखिकेला हातभार लावता आला हे माझं भाग्य. पात्राचं नाव सुमंगला ठेवावं. माझ्या पत्नीचं नाव आहे. तिला कळू देऊ नका, तिला अचानक ऐकू यायला हवं.’

गौरवीला ते वाचून भरून आलं. बायकोसाठी कादंबरीतलं पात्र विकत घेणारा नवरा तिने पाहिला नव्हता. ऑडिओबुकच्या संहितेत, नवव्या प्रकरणात, पाण्याकाठी राहणाऱ्या एका बाईला तिने ते नाव दिलं.

मग बारीकसारीक सूचना यायला लागल्या. सुमंगलाच्या डाव्या भुवईवर जुन्या जखमेचा व्रण असावा. ती घर सोडून लांबच्या गावी एकटी राहत असावी. काजूचं काम करून तिचे हात काळे पडलेले असावेत. गौरवी एकेक तपशील घालत गेली. पात्र खरं वाटायला लागलं होतं, आणि लिहिणाऱ्याला आणखी काय हवं असतं? शेवटचं ईमेल तेवढं तिने दोनदा वाचलं. ‘तिला पाण्यात पटकन जाऊ देऊ नका. आधी पुष्कळ दिवस हाक ऐकू येऊ दे. आपण सापडलो आहोत हे तिला कळलं पाहिजे.’

तिने स्क्रीनकडे बघत हात मांडीवर ठेवले. बाहेर कुणीतरी आधारकार्ड घेऊन उभं होतं. गिऱ्हाईक गेल्यावर तिने तेही लिहिलं. गोष्टीला ते शोभत होतं.

नववं प्रकरण तिने धाकूमामांकडे पाठवलं, आणि थोड्याच दिवसांनी दुपारी त्यांचा फोन आला.

“गौरवी, तू हंय ये. दुकान बंद कर आनी ये.”

“काय झालं मामा? बरं नाही का?”

“माका कायएक जावक नाय. तुज्या पुस्तकातली ती बाय खरी आसा गे. ती माज्या शेजाराक रवता.”

कोरगावला पोचेपर्यंत गौरवी स्वतःला समजावत होती की म्हाताऱ्याचा काहीतरी गैरसमज झाला असेल. पडवीत मामांच्या पायाशी एक बाई बसली होती. तिशी-पस्तिशीची असेल. पाठीला भिंत लागलेली, गुडघे छातीशी. हाताची बोटं काजूच्या चिकाने काळवंडलेली. तिने मान वर केली तेव्हा डाव्या भुवईवरचा व्रण दिसला. गौरवी पायरीवरच थांबली.

“तुम्हीच लिवलात काय ते?” बाईने विचारलं.

ती खानापूरकडची. दोन वर्षांपूर्वी वास्कोहून नवऱ्याला सोडून पळाली होती. भुवईचा व्रण त्यानेच दिलेला. मारहाणीची तक्रार झाली, कोर्टाने त्याला तिच्याशी कुठल्याही मार्गाने संपर्क ठेवायला मनाई केली, आणि ती कुणाला पत्ता न देता कोरगावच्या काजू कारखान्यात येऊन लागली. शेजारच्या घराची मागची खोली तिने भाड्याने घेतली होती, आणि खरं नाव गावात कुणाला सांगितलं नव्हतं. संध्याकाळी कामावरून आली की भिंतीपलीकडून मामांची तालीम ऐकू येई. तिला ती आवडायची.

“चार दिवस मामा हाका मारतात, सुमंगला, सुमंगला म्हणून,” ती म्हणाली. “पहिल्या दिवशी वाटलं, नावासारखं नाव असतंय. मग भुवई आली. मग काजू आला. काल मामा म्हणाले, घर सोडून लांब आलीस तरी तुझा माग लागलाच. तवा माझ्या हातातलं ताट पडलं.”

धाकूमामांनी डोळे मिटून घेतले. “माज्या तोंडान,” ते पुटपुटले. “चार दीस. माज्या तोंडान.”

“पण तुम्ही इथे आहात हे त्याला कसं कळलं?” गौरवीने विचारलं, आणि विचारताविचारताच तिला उत्तर सापडलं. तिने फोनवर व्हिडिओ लावला. मामा हाक म्हणत होते आणि मागच्या अंगणातून एक बाई काळ्या बोटांत बादली धरून आडवी जात होती. क्षणभरच. पण तेवढ्यात ती वळून कॅमेऱ्याकडे बघत होती.

सुमंगलाने ते पाहिलं आणि पदर तोंडाशी धरला.

गौरवीने तिथेच बसून व्हिडिओ काढून टाकला. घरी परतेपर्यंत ईमेल आलं होतं. ‘ताई, व्हिडिओ दिसत नाही. काळजी नको, मी माझ्याकडे ठेवून घेतला आहे. नवव्या प्रकरणाचं रेकॉर्डिंग कधी? मी येणार आहे.’

तिचा पहिला विचार सगळं थांबवण्याचा होता. पैसे परत करावेत, प्रकरण फाडून टाकावं. दुसऱ्या दिवशी ती आणि सुमंगला पोलिसांकडे गेल्या. तिथल्या महिला फौजदार योगिता नाईक यांनी सगळी ईमेल शांतपणे वाचली. कोर्टाचा हुकूमही पाहिला.

“हे वाचून माझ्या अंगावर काटा आला,” त्या म्हणाल्या. “पण तो म्हणेल, बायकोच्या प्रेमाखातर नाव दिलं, ती तिथे राहते हे मला कुठे माहीत होतं? ती ऐकेल म्हणूनच त्याने हे केलं, हे कसं दाखवायचं?”

“मग त्याला येऊ नको म्हणून सांगते,” गौरवी म्हणाली.

“येऊ दे,” सुमंगला म्हणाली. दोघींनी तिच्याकडे पाहिलं. तिचा आवाज हलला नाही. “चार लोकांत तो कधीच काय बोलत नाही. शेजारी म्हणायचे, किती गरीब माणूस. पण ज्याला तो मोजतच नाही, त्याच्यासमोर बोलतोय. मोलकरणीसमोर बोलायचा. ड्रायव्हरसमोर बोलायचा. तुम्हाला आणि मामांना तो मोजत नाही, ताई. पैसे दिलेत की नाही त्यानं.”

रेकॉर्डिंग दुकानाच्या मागच्या खोलीत होतं. भिंतींना गाद्या आणि गोधड्या लावल्या होत्या. आवाज येऊ नये म्हणून पंखा बंद, खिडकी बंद. सकाळची वेळ असूनही आत घाम फुटत होता. योगिता नाईक समोरच्या चहाच्या दुकानात साध्या कपड्यांत बसल्या होत्या, सोबत एक शिपाई. सुमंगला तिथे नव्हती. तिला त्यांनी आधीच दुसरीकडे हलवलं होतं.

महादेव राऊळ वेळेवर आला. पांढरा इस्त्रीचा शर्ट, चष्मा, हातात खाज्यांचा पुडा. चपला बाहेर काढून तो आत आला आणि धाकूमामांच्या पाया पडला. मामांनी पाय मागे घेतले नाहीत, पण त्यांची बोटं आक्रसली ती गौरवीला दिसली.

“मामा, तुमचा राक्षस मी लहानपणी आमच्या गावी पाहिलाय,” तो म्हणाला. “तीन रात्री झोपलो नव्हतो.”

त्याने हेडफोन लावले. धाकूमामा मायक्रोफोनसमोर बसले आणि वाचायला लागले. हिरवं पाणी, काठ, काठावरची बाई. आवाज खोलीत भरत गेला. राऊळ डोळे मिटून ऐकत होता, ओठांवर हसू. मग पाणराख्याने हाक मारली. ती दुसऱ्याच कुणाच्या नावाने होती.

राऊळने डोळे उघडले. हेडफोन काढून त्याने हलकेच टेबलावर ठेवले.

“नाव बदललंत?”

“संपादनात बदललं,” गौरवी म्हणाली. तिला स्वतःचा आवाज दूरवरून आल्यासारखा वाटला. “तुमचे पैसे परत करते.”

“पैशांचं राहू दे. घरी तालीम करताना कुठलं नाव घेत होतात, मामा?”

“आदी तां म्हणी होतंय,” धाकूमामा म्हणाले. “सुमंगला.”

“मोठ्याने?”

“माका हळू येना नाय.”

राऊळ खुर्चीत मागे टेकला. चेहऱ्यावरचा ताण गेला आणि हसू परत आलं. “मग झालं की. माझं काम झालं. पुस्तकात ठेवा नाहीतर काढा.”

“कसलं काम?” गौरवीने विचारलं.

“भिंतीपलीकडे तिला ऐकू गेलं असेल.” तो अगदी सहज बोलत होता, दुकानात उभा राहून भाव सांगावा तसा. “मी स्वतः गेलो असतो तर कोर्टाचं लफडं. तुम्ही व्हिडिओत तिला दाखवलंत, मामांनी निरोप पोचवला. आता ती खानापूरला जाऊ दे, मुंबईला जाऊ दे. कुणीही हाक मारली की तिला वाटणार, मी आलो. आणि एक दिवस मी येईनच.”

धाकूमामांच्या कपाळावरून घाम ओघळून कागदावर पडला. राऊळची नजर मायक्रोफोनकडे गेली, तिथून गौरवीच्या लॅपटॉपकडे. पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ अजून थरथरत पुढे सरकत होती.

तो उठला तो सरळ लॅपटॉपवरच. गौरवीने तो छातीशी ओढला, वायर तुटली, टेबल कलंडलं. त्याने तिचं मनगट धरलं. काही न बोलता, शांतपणे पिरगाळलं. धाकूमामा ज्या गुडघ्यांवर उभे राहू शकत नव्हते त्यांवर उभे राहिले आणि ओरडले. त्यात शब्द नव्हते. गाद्या लावलेल्या त्या खोलीतूनही तो आवाज रस्त्यापर्यंत गेला, आणि योगिता नाईक धावत आत आल्या.

राऊळला त्याच दिवशी ताब्यात घेतलं. गौरवीच्या मनगटाला पट्टी बांधावी लागली. रेकॉर्डिंग पोलिसांनी घेतलं आणि खटला उभा राहिला. सुमंगला कोरगावला परत आली नाही. तिचं सामान शिपायांनी नेलं.

नववं प्रकरण गौरवीने पुन्हा लिहिलं नाही. आठव्यानंतर थेट दहावं घेतलं. धाकूमामांनी बाकीचं सगळं तिच्या दुकानात येऊन वाचलं, घरी तालीम बंद केली. ऑडिओबुक बाहेर पडलं. ते लोकांना आवडलं. पाणराख्याची हाक ऐकून गाडी बाजूला घ्यावी लागली, असं एकाने कळवलं. असं काही वाचलं की पूर्वी ती दिवसभर तरंगत असे. आता ती आधी पाठवणाऱ्याचं नाव बघायची. ते नाव खरं आहे का, ते शोधत बसायची.

पावसाळा सरल्यावर एका दुपारी दुकानात गर्दी नव्हती. काउंटरवर एक कागद सरकवला गेला. “दोन कॉप्या,” कुणीतरी म्हणालं. तिने कागद घेतला. तो जामिनाचा हुकूम होता. तिने वर पाहिलं.

राऊळ थोडा वाळला होता. शर्ट तसाच पांढरा.

“ऐकलं तुमचं पुस्तक,” तो म्हणाला. “छान झालंय. ती बाई मात्र काढून टाकलीत.”

गौरवीने मशीनचं झाकण उचललं, कागद ठेवला, बटण दाबलं. प्रकाशाची पट्टी काचेखालून दोनदा गेली.

“कुठे गेली असेल हो ती?” त्याने विचारलं. “तुम्हाला माहीत असेल. लेखकांना सगळं माहीत असतं.”

तिने कॉप्या त्याच्यासमोर ठेवल्या. तिने पैसे मागितले नाहीत, त्यानेही दिले नाहीत. कागदांची नीट घडी करून त्याने खिशात घातली, आणि रस्ता ओलांडून बसस्टँडकडे गेला. तो बसमध्ये चढेपर्यंत ती बघत राहिली. मग शटर अर्धं ओढून तिने योगिता नाईकना फोन केला, त्यांनी लगेच नोंद घेतली, तारीख-वेळ विचारली. त्यानंतर तिने कोरगावला लावला.

“मामा, सुमंगला कुठे आहे ते तुम्हाला माहीत असेल तर मला सांगू नका. कधीच सांगू नका.”

मग धाकूमामांचा आवाज आला. तो इतका हळू होता की तिला फोन कानाशी घट्ट धरावा लागला.

“माका खबर नाय गे, बाय. आनी आसती तरी सांगलंय नसतंय.”